पहार मीच दिली

आधी हे लिहून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला खोटं पाडायला नको. पोलिसांनी माझ्या घरातला ओटा ज्या पहारीनं फोडला ती पहार माझी होती. जिन्याखालून मीच काढली, फडक्यानं पुसली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या हातात दिली. जबरदस्ती कुणी केली नाय. एक जण म्हणला, "बाबा, पहार आहे का घरात?" मी म्हणलं, "आहे ना साहेब." घरी आलेल्याला पाणी द्यावं तशी दिली.

आता बाकीचं सांगतो.

मी सहावीपर्यंत शिकलेला माणूस. वाळूजला एका कारखान्यात प्रेसवर तीस वर्षं काढली, डाव्या हाताचं एक बोट तिथंच ठेवून आलो. लिहायची सवय नव्हती. पण गेल्या दीड वर्षात इतके अर्ज लिहिले की हात बसला. अर्जात शेवटी "आपला विश्वासू" लिहावं लागतं. इथं ते लिहायचं नाय, म्हणून इथं मोकळं लिहितो.

घर गारखेड्याच्या पुढं, गुंठेवारीतल्या एका वसाहतीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड, वर जायला जिना. मी आणि बायकोनं मिळून बांधलं. सुट्टीच्या दिवशी मी माल कालवायचो, ती विटा भिजवायची. स्वयंपाकघराचा ओटा घालायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीनं दोरी लावली, तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. अंगानं बुटकी होती ती.

"एवढा उंच कशाला? मी काय पाटावर उभी राहून भाकरी थापू?"

मिस्त्री म्हणला, "वहिनी, समद्यांचा एवढाच असतो."

"समद्यांच्यात मी नाय भाकरी करीत. माझ्या कोपराला दोरी धर."

त्यानं धरली. दोन विटा कमी लागल्या. मला त्या ओट्यावर चहा करायचा म्हणजे कंबर मोडायची. कुरकुर केली की म्हणायची, "मग नका करू. बसा तिकडं."

तिला लिहिता येत नव्हतं, बँकेत पण अंगठा. पण गॅसचा सिलिंडर किती दिवस चालला हे तिला माहीत पाहिजे असायचं. नवा सिलिंडर लावला की ओट्यामागच्या पांढऱ्या फरशीवर पोरीच्या नेलपॉलिशनं एक उभी लाल रेघ ओढायची. दिवाळी आली की त्या वर्षाच्या रेघांखाली एक आडवी. अशा ओळीवर ओळी. पोरीचं लग्न झालं त्या वर्षी रेघांची गर्दी. कारखान्याला टाळं लागलं होतं त्या वर्षी चारच रेघा, कारण मागं चूल मांडून भागवलं होतं. माझी आई आमच्याकडं येऊन खाटेवर पडली, तिला रात्रंदिवस गरम पाणी लागायचं, ते पण फरशीवर दिसायचं. मी कधी मुद्दाम बघितलं नाय. घरात असतं ते कोण बघतं.

शेवटची रेघ ओढली तेव्हा तिच्यानं नीट उभं राहवत नव्हतं. डायलिसिस चालू होतं. रेघ तिरपी गेली. मी म्हणलं, "पुसू का? दुसरी ओढ."

"राहू द्या. सिलिंडर काय रेघ बघून जळतो का?"

त्यानंतर पंधरा दिवसांत गेली. तो सिलिंडर ती गेल्यावर पण चालूच होता. एकट्या माणसाला किती जळणार?

ती गेल्यावर पाच महिन्यांनी पोलीस आले.

आमच्या वसाहतीत घराला दोन नंबर असतात. एक प्लॉट पाडणाऱ्यानं दिलेला, एक महापालिकेनं मागून दिलेला. माझ्या प्लॉटचा जो नंबर, तोच चार गल्ल्या सोडून एका घराचा महापालिकेचा नंबर. त्यामुळं कुरियरवाले चुकतात. एकदा त्यांच्या घरची लग्नाची भांडी माझ्या दारात उतरली होती. मी चहा पाजून पुढं पाठवली. आमच्याकडं ही गोष्ट शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पोलिसांना नव्हती.

सकाळचे दहा वाजले असतील. मी कुकरला डाळ लावत होतो. दारात गाडी थांबली. एक तरणा साहेब, तीन शिपाई, आणि गाडीत मागं बेड्या घातलेला एक जण. साहेब म्हणला, घरफोडीतलं सोनं या घरात ओट्याखाली पुरलंय, आरोपीनं कबूल केलंय. मला हसूच आलं. माझ्या घरात धूळ आणि मी, दोघंच. मी म्हणलं, "बघा ना साहेब. बसा, चहा टाकतो." मनात म्हणलं, आपलं काय जातंय, बघतील आणि जातील. चहा टाकला. एक शिपाई मोबाइलवर शूटिंग करत होता. आता कायदाच तसा झालाय म्हणे. आणि तेव्हाच पहार मागितली आणि मी दिली. मला वाटलं एखादी फरशी उचकटून खाली बघतील.

पंच म्हणून दोघांना बोलावलं. एक भाजीचा गाडा घेऊन चाललेला म्हातारा. त्याचा अंगठा आधीच कोऱ्या कागदावर घेतला आणि त्याला जाऊ दिलं, त्याची भाजी उन्हात सुकत होती. दुसरा माझा दोस्त. दोन घरं सोडून राहतो. त्याच्या आणि माझ्या नोकरीची सगळी वर्षं कंपनीच्या एकाच बसमध्ये, एकाच बाकड्यावर गेली. दहावी पास. गल्लीतली सगळ्यांची कागदं तोच वाचायचा. लाइट बिल असो की कोर्टाचं समन्स, चष्मा लावून त्यानं वाचलं की आमचं समाधान व्हायचं. तो आला तसा मला धीर आला. आपला माणूस आहे म्हणलं.

पहिला घाव बसला तेव्हा गाडीतला तो बेडीवाला ओरडला, "साब, ये घर नहीं है! वो घर में नीम का झाड था!" साहेबानं खिडकीतून हात घालून त्याच्या कानाखाली वाजवली. मी ऐकलं. दोस्तानं पण ऐकलं, त्यानं माझ्याकडं बघितलं पण.

मी पुढं झालो. "साहेब, तो नाय म्हणतोय."

"बाबा, चोर कधी व्हय म्हणतो का? बाजूला व्हा."

मग त्यांनी फोडायलाच घेतलं. कडाप्पा निघाला, दोन तुकडे झाला. विटा निघाल्या. एकानं मागच्या फरशीत पहार घातली. मी म्हणलं, "भिंतीत काय असणार आहे? तिथं नका." तो म्हणला, "हात लावू नका, पंचनामा चालूय." फरशा उडायला लागल्या. लाल रेघांचे तुकडे खाली मातीत पडत होते.  मी दोस्ताकडं बघत होतो आणि तो जमिनीकडं.

गुडघाभर खड्डा झाला. नळाचा पाइप फुटला, खड्ड्यात पाणी साचलं, तेव्हा कुठं थांबले. साहेबाचा फोन वाजला. "कोणता नंबर? महापालिकेचा?" एवढं मला ऐकू आलं. त्याचा चेहरा पडला. पण माणूस हुशार. पडलेला चेहरा तेवढ्यात उचलून घेतला आणि शिपायाला म्हणला, "लिही पटकन."

माझ्याच स्टुलावर बसून लिहिलं. मला म्हणले, सही करा, म्हणजे तुम्ही मोकळे. माझा चष्मा त्या गोंधळात कुठं गेला होता देव जाणे. मी कागद दोस्ताच्या हातात दिला. "बघ रे, काय लिहिलंय." त्यानं खिशातून चष्मा काढला. दोन्ही बाजू वाचल्या. घाईनं नाय, सावकाश वाचल्या. मग कागद माझ्यापुढं धरला.

"बरोबर आहे. कर सही. मोकळा हो."

मी केली. खाली त्यानं केली.

दुसऱ्या दिवशी सोनं सापडलं, चार गल्ल्या पलीकडं, त्याच नंबरच्या घरात. दारात कडुलिंबाचं झाड आहे. पेपरात फोटो आला. साहेब मधी, पुढं टेबलावर दागिने. ज्याचं सोनं गेलं होतं त्याला समारंभ करून परत दिलं. माझ्या घराचा कुठं उल्लेख नाय. जणू त्या दिवशी सकाळी ते कुठं गेलेच नव्हते.

गल्लीत मात्र उल्लेख व्हायला लागला. दोन्ही घरांचा नंबर एक, मग या म्हाताऱ्याचा काहीतरी संबंध असणार. उगाच कुणी ओटा खणतं का? आमच्या मारुतीच्या देवळात टाळ-मृदंगाचं कपाट आहे, त्याची किल्ली सोळा वर्षं माझ्याकडं होती. भजनी मंडळाचे दोघं आले, इकडंतिकडंच्या गप्पा मारल्या, आणि उठताना म्हणले, "किल्ली जरा द्या, थोडे दिवस आमच्याकडं ठेवतो." टाळ चोरून मी काय करणार होतो? दिली किल्ली. काढून द्यायची तर मला सवयच आहे.

मी ठाण्यात गेलो. म्हणलं, तुमच्याकडून चुकलं, ठीक आहे, माणूस चुकतो. पण चुकलं असं लिहून द्या, आणि मोडलं ते भरून द्या. शिपाई म्हणला, "बाबा, मोडलं कुठं? तुमचीच सही आहे." महिनाभर चकरा मारल्यावर पंचनाम्याची नक्कल मिळाली. घरी येऊन भिंग लावून वाचली. एकेक ओळ वाचायला मला वेळ लागतो, पण कळतं सगळं. लिहिलं होतं की घरमालकानं स्वखुशीनं पहार आणून दिली, स्वतः ओटा उकरून दाखवला, घराचं कोणतंही नुकसान झालेलं नाही, घरमालकाची कोणतीही तक्रार नाही. गाडीतला ओरडत होता ते कुठंच नाय. शेवटी, मजकूर वाचून दाखवला व तो बरोबर आहे.

मी तसाच उठलो आणि दोस्ताच्या घरी गेलो. तो ओसरीत पेपर वाचत होता.

"तू वाचलं होतंस ना?"

"वाचलं."

"मी स्वतः उकरून दाखवलं असं लिहिलंय."

"व्हय."

"आणि मला म्हणलास, बरोबर आहे."

"अरे गड्या, तुला सोडवायचंच बघितलं मी. नुकसान नाही म्हणलं की ते गेले. नाहीतर दिवसभर ठाण्यात बसवलं असतं तुला."

"मी बसलो असतो. ओटा तर राहिला असता."

"ओटा तोवर फुटला होता."

"तो गाडीतला ओरडत होता, ते का नाय लिहिलं?"

"लिहिणारा मी नव्हतो."

"वाचणारा तू होतास."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला, "भाऊजी, चहा टाकू का?"

"नको वहिनी. चहा पाजला की पुढं काय काय द्यावं लागतं ते बघितलंय मी."

 मग त्यानं पेपरची घडी घातली आणि हळू आवाजात सांगितलं. धाकटा पोरगा पोलीस भरतीत लागलाय. मैदान झालं, लेखी झाली, यादीत नाव आलं. आता चारित्र्य पडताळणी त्याच ठाण्यातून जायची. "मी पंच म्हणून उलटं बोललो तर पोराचं काय होईल, तूच सांग."

मी काय सांगू? या पोराच्या भरतीचं मला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक. माझा दोस्त माळकरी. त्याच्या घरात अंडं शिवत नाय. पोरगं सकाळी मैदानावर पळायचा सराव करून यायचं आणि तिथले मास्तर म्हणायचे, अंडी खा, नाहीतर छातीचं माप भरणार नाय. तर दोन वर्षं माझ्या बायकोनं रोज चार अंडी उकडून ठेवली, त्याच बुटक्या ओट्यावर. पोरगं मागच्या दारानं यायचं, उभ्या उभ्या खायचं, चूळ भरायचं आणि घरी जायचं. बापाला माहीत होतं. तो दोन वर्षं माझ्याकडं बघून नुसता हसायचा. आजारी पडल्यावर पण ती खुर्चीत बसून मला सांगायची, "अहो, पोराची अंडी टाकली का?" पोलीस झाला तो त्या ओट्यावर झाला, आणि त्या ओट्याला पोलिसांनी फोडलं हे सांगायला त्याचा बाप तयार नाय.

हे मी त्याला तोंडावर बोललो. त्यानं मान खाली घातली. 

तेव्हापासून मी एक ठरवलं. मोडलेलं तसंच ठेवायचं. कुणीतरी सरकारी माणूस येईल, बघेल, लिहील, तोवर एक वीट हलवायची नाय. पुढच्या खोलीत जमिनीवर एका बर्नरची शेगडी मांडली. फरशीचे तुकडे वेचले, धुतले आणि खड्ड्याच्या काठावर भिंतीवर होते तसे लावून ठेवले. काही जुळले, काही नाय. पण ती शेवटची तिरपी रेघ सापडली, दोन तुकड्यांत. पावसाळा आला, ओल आली, उंदीर आले. जालन्याहून पोरगी आली की कपाळाला हात लावायची.

"अण्णा, बांधून घ्या हो आता. असं घर बघवत नाही."

"बांधलं की पुरावा गेला."

"पुराव्यासोबत राहणार का तुम्ही?"

"राहतोच आहे की."

अर्ज चालूच होते. ठाण्यातून वरच्या ऑफिसात, तिथून आणखी वर. एका ठिकाणी छापील तक्ता दिला. मोडलेल्या वस्तूचं नाव, नग, अंदाजे किंमत. मी लिहिलं, कडाप्पा एक. पाइप एक. फरशा अकरा. पुढं रेघा लिहिलं. नग मोजले नव्हते. किमतीच्या रकान्यात काय लिहावं ते सुचलं नाय, कोरा ठेवला. कारकून म्हणला, "बाबा, हे रेघा काय आहे?" सांगितलं. त्यानं पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. "यानं अर्ज हलका होतो," म्हणला. माणूस वाईट नव्हता.

मोठ्या ऑफिसात एक बाई होत्या. अधिकारी. त्यांनी मला खुर्ची दिली, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. फाइल मागवली, व्हिडिओ मागवला, आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर मला दाखवला. दोन मिनिटांचा होता. त्यात मी दिसतो. पहार पुसतो, दोन्ही हातांनी देतो आणि वर म्हणतो, "सांभाळून साहेब, जड आहे." मग संपतो. पुढं मोबाइलची जागा भरली असं पोलिसांनी लिहून दिलेलं.

बाई माझ्याकडं बघत होत्या. "बाबा, हे तुम्हीच ना?"

"मीच."

"आनंदानं देताय."

"मी सगळ्यांना असंच देतो, बाई. मला वेगळं देता येत नाय."

त्यांनी व्हिडिओ बंद केला. मग म्हणल्या, "तुम्ही खोटं बोलत नाही हे मला दिसतंय. पण कागद तुमच्याविरुद्ध आहे, व्हिडिओ तुमच्याविरुद्ध आहे. एक करा. दोनपैकी एका पंचानं खरं काय झालं ते लिहून द्यावं. आणि मी माणूस पाठवते, तो जागा बघून अहवाल देईल. एवढं झालं तर भरपाईचा प्रस्ताव मी स्वतः वर पाठवते. चूक झाली हेही त्यात लिहीन. तोवर घरातलं काही हलवू नका."

चूक झाली हे लिहीन म्हणल्या. मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. घरी जाऊन कुणाला सांगावं तर घरात कुणी नाय.

भाजीवाल्याला छावणीच्या बाजारात गाठलं. तो म्हणला, "चाचा, मैं तो अंगूठा देके निकल गया. मेरेकू क्या मालूम अंदर क्या हुआ?" खरंच बोलला. म्हणजे राहिला एकच माणूस. मी परत दोस्ताच्या दारात गेलो. बाईंचं म्हणणं सांगितलं. म्हणलं, दोन ओळी लिही. जे बघितलं तेच लिही, वाढवून काही नको. त्यानं "बघतो" म्हणलं. नाय म्हणला असता तर बरं झालं असतं. मी त्या "बघतो"वर दोन महिने काढले.

एवढ्यात तिचं वर्षश्राद्ध आलं. आपल्या घरात करायचं तर नैवेद्य कुठं शिजवणार? जमिनीवरच्या शेगडीवर भात होतो, वडे-खीर-पुरण होत नाय. पोरगी म्हणली, आमच्याकडं करू. बायकोचं श्राद्ध जावयाच्या घरी. जावई भला माणूस, पण मला घास गिळवेना. चार दिवस राहिलो. दुसऱ्या आठवड्यात बघायला माणूस येणार होता, त्या ओढीनं परत आलो.

घरी पोचलो तर दाराचं कुलूप निघालेलं, घरात सिमेंटचा वास.

नवा ओटा. काळा ग्रॅनाइट, स्टीलचं सिंक, मागं पांढऱ्या टाइल्स, नळ पण नवा. खड्डा नाय, विटा नाय, तुकडे नाय. माल टाकणारा मिस्त्री अजून कोपऱ्यात घमेलं धूत होता. मला बघून खूश झाला.

"चाचा, एकदम फर्स्ट क्लास कर दिया ना?"

"मलबा कुठं आहे?"

"वो तो ट्रॉली भरके फेंक दिये. उधर रोड का काम चालू है ना, गड्ढे में."

"त्यात लाल रेघांचे फरशीचे तुकडे होते. लावून ठेवले होते ओळीनं."

"वो भी गये चाचा. टूटे हुए थे ना."

मागून दोस्त आत आला. त्यानं केलं होतं. पोरीला फोन करून तिच्याकडची किल्ली मागवून घेतली. "अण्णाला सांगू नको, आल्यावर बघू दे," म्हणला. तिला वाटलं, काकानं चांगलं केलं. त्याला पण तसंच वाटत होतं. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यानं माझ्या डोळ्याला डोळा भिडवला.

"आता तरी राग सोड. तुझं मोडलं होतं, मी भरून दिलं."

मी ओट्यापाशी उभा राहिलो. माझ्या कमरेला नीट आला. कुठं वाकावं लागलं नाय.

पुढच्या आठवड्यात बाईंचा माणूस आला. टेप घेऊन आला होता, फोटो काढायला मोबाइल घेऊन. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"बाबा, नुकसान कुठं आहे?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता, पण लिहीत नव्हता. मग त्यानं विचारलं, पंच कोण? मी दोस्ताला बोलावून आणलं. त्या माणसानं त्याला सरळच विचारलं, "त्या दिवशी ओटा कुणी फोडला?"

दोस्तानं नव्या ग्रॅनाइटवर हात ठेवला. म्हणला, "साहेब, आता ते झालं गेलं. बांधलाय ना नवा. दोन्ही पार्ट्यांचं समाधान आहे."

"तुमच्याकडून लेखी काही?"

"पंचनाम्यात आहे तेच."

माणूस गेला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. जागेवर पाहणी केली असता नुकसान आढळून आले नाही, सबब प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. ते मी एकट्यानं वाचलं, कुणाला वाचायला दिलं नाय.

पोरीशी मी आठ दिवस बोललो नाय. मग बोललो. तिला रेघांचं ठाऊक होतं, नेलपॉलिश तिचंच होतं, तरी तिला ते राखून ठेवावं असं वाटलं नाय. फोनवर रडली. म्हणली, "अण्णा, मला वाटलं तुम्ही त्या खड्ड्यापायी आजारी पडाल." पडलो असतो. तेवढा हक्क होता मला.

दोस्ताचा पोरगा ट्रेनिंगला गेला. जाताना पाया पडायला आला. मी आशीर्वाद दिला. त्याच्यावर कशाला राग काढू? बाप बाहेर रस्त्यावरच उभा होता. पोरगं गेल्यावर तो आत आला, न बोलावता खुर्चीवर बसला.

"मी लिहून देणार आहे," म्हणला. "खरं खरं. सगळं. तो गाडीतला ओरडला ते पण."

"कधी?"

"पोराचं ट्रेनिंग होऊ दे. मग नोकरीवर रुजू होईल. ती पक्की झाली की."

"किती वर्षं?"

त्यानं मनात हिशोब केला. "तीन धर. साडेतीन."

"मी सत्तर वर्षांचा आहे."

"असशील रे तू. तुला काय होतंय?"

हे तो मला धीर द्यायला म्हणला, की स्वतःला, ते त्याचं त्याला ठाऊक. मी म्हणलं, "आज लिही आणि तुझ्याजवळच ठेव. मी मेलो तरी त्या बाईंना नेऊन दे." तो म्हणला, "कागद घरात ठेवणं बरं नाय. कुणाच्या हाती लागला तर." मग उठला आणि चपला घालून गेला.

आता तो रोज सकाळी माझ्या फाटकापाशी थांबतो आणि बाहेरूनच विचारतो, "बरा आहेस ना?" मी आतून म्हणतो, "आहे जिवंत." एक दिवस मी मुद्दाम उत्तर दिलं नाय. तो बराच वेळ तिथं उभा होता. आत आला नाय, आवाज पण दिला नाय. मी खिडकीच्या फटीतून त्याचं तोंड बघत होतो. ते काळजीचं होतं की आणखी कशाचं, ते मला इतक्या वर्षांच्या ओळखीनंतर पण सांगता आलं नाय.